दादाच्या गिटारला नवा ब्रिज

मंडळी, आज सुकापूरला जाऊन दादाच्या इलेक्ट्रिक गिटारचा तारा घट्ट धरून ठेवणारा झिजलेला लॉकिंग ब्रिज बदलून आणला. दादाला जाऊन सहा महिने झाले. तारा अजून त्याने लॉक केल्या होत्या तशाच होत्या.

दुरुस्तीवाले काका म्हणाले, "सगळ्या तारा अर्धा सूर उतरल्यात. नीट लावून देऊ?"

"द्या ना," मी म्हटलं.

घरी आल्यावर आईचं भजन वाजवलं. हो, इलेक्ट्रिक गिटारवर! दादाचीच सवय. आई गायला लागली आणि वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला.

"तो माझ्यासाठी सूर मुद्दाम खाली लावायचा गं," ती म्हणाली. "घशाच्या ऑपरेशनपासून."

मला हे माहीतच नव्हतं. बिघाड समजून मी तेच दुरुस्त करून आणलं.

तुमच्या हातून कधी असं काही 'नीट' झालंय?