ओकची पेटी

जुन्या लाकडाचा, मेणाचा वास आला की मला इथलं, आखातातल्या शुवैखमधलं ते जुन्या फर्निचरचं गोदाम आठवतं. बाहेर धुळीनं पिवळी झालेली दुपार, आत उन्हाच्या तिरिपेत पेंगणाऱ्या ओकच्या लाकडाच्या पेट्या. बायकोनं सगळ्यांत जड पेटी उघडली आणि डोळे मिटून आत डोकं घातलं. "अगं, हलकं काहीतरी बघ. कायमचं गावी परत जाताना ही कशी न्यायची?" मी म्हणालो. "किती वर्षं नुसतं जातोच आहोत आपण," ती आतूनच म्हणाली. पेटी घरी आली. परत जाण्यासाठी घेऊन ठेवलेल्या दोन कोऱ्या बॅगा तिनं पलंगाखालून काढल्या, पेटीत ठेवल्या आणि अलगद झाकण लावलं. परवा मुलीनं ते उघडून विचारलं, "बाबा, या कुणाच्या बॅगा?" तो वास घरभर पसरला. मी म्हणालो, "पाहुण्यांच्या."