हंसाबाईवर केस

फुलसावंगीच्या अलीकडच्या एका गावात, नाल्याकाठच्या शिंदीबनावर हंसाबाईचं घर चालायचं. शिंदीची पानं चिरून, ठोकून ती झाडायचे फडे बांधी आणि बाजारात विकी. पान घ्यायचं ते बाहेरचं; मधला कोंब गेला की झाडच गेलं. मधल्या कोंबाला विळा लावणाऱ्या बाईशी ती बोलणंच टाकायची. तोंडानं भारी फटकळ, पण शिंदीच्या बाबतीत लेकुरवाळीसारखी हळवी.

जागा जंगलखात्याची. त्यामुळे गार्ड बबनराव कायम तिच्या मागावर. विळा हिसकावायचा, भारा सोडून फेकायचा, वर कायदा ऐकवायचा. "तुह्या कायद्याले आग लागो!" म्हणत हंसाबाई नाला ओलांडून पसार व्हायची.

कापसानं गावाचं कंबरडं मोडलं, त्या वर्षांत जिनिंगची गोष्ट निघाली. कारखाना येणार, पोरांना काम मिळणार. जागा हवी होती ती नेमकी नाल्याकाठची, आणि वरून हुकूमही आला की ही जमीन आता जंगलात धरायची नाही. ग्रामसभेत तो वाचून दाखवला, तेव्हा सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती हंसाबाईनं. बिचारीला वाटलं, गार्डाची कटकट गेली! घरी जाऊन तिनं शिरा केला नि आळीभर वाटला.

थोड्याच दिवसांत जेसीबी आला. एका सकाळीत बनाची एक बाजू कोंबासकट भुईसपाट. हंसाबाई बोंबलत आडवी गेली, तर मुकादमानं हसत तिला बाजूला केलं.

"जंगल नाही ना आता हे, बाई."

तशी तिनं उरलेल्या शिंदीची पानं सपासप कापली, भारा डोक्यावर घेतला आणि थेट बबनरावाच्या दारात नेऊन आदळला.

"घ्या, पकडा मले. माह्यावर केस करा."

"काहून व, हंसाबाई?"

"तुमी केस केली म्हणजे ते जंगलच ठरन नं! मंग मशीन थांबन. मले टाका जेलात, पन बन राहू द्या."

बबनरावालाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

"पानं तोडनं आता गुन्हा नाही राह्यला, बाई," तो म्हणाला. "तोडा तुमाले पायजे तेवढी."

हेच ऐकायला तिचा जन्म गेला होता. ती तिथंच त्याच्या उंबऱ्यावर बसली आणि हमसून हमसून रडली.