पहिले दोन आटे

चिमट्याचं खरं नाव काय, असं विचारलं तर गॅरेजच्या निम्म्या गिऱ्हाइकांना सांगता आलं नसतं. बोटं लांब, बारीक, आणि पाना जिथे हात टेकतो तिथे जाऊन बोल्ट काढून आणणारी, म्हणून चिमटा. गॅरेज सासऱ्यांनी काढलेलं. "त्यांनी आधी माझी बोटं पसंत केली आणि मुलगी नंतर दिली," असं तो सगळ्यांना सांगायचा. बायकोला हा विनोद कधी आवडला नाही, पण तो फारसा खोटाही नव्हता.

सासरे गेल्यावर गॅरेज धाकट्या मेहुण्याकडे आलं. मेहुणा अंगाने भरलेला, पंजा ताटलीएवढा, त्यामुळे अडचणीच्या जागा चिमट्याच्या वाट्याला. जेवणाच्या सुट्टीत दोघांचा एक जुना खेळ होता. मेहुणा मागून येऊन त्याच्या तळहातावर एखादा बोल्ट ठेवायचा आणि म्हणायचा, "सांगा भाऊजी." चिमटा रस्त्याकडे बघत बघत तो बोल्ट चिमटीत फिरवायचा. "आठचा. जुना. टोकाचा एक आटा गेलाय." मग बघावं तर बोल्टाच्या पिळातला टोकाचा एक आटा खरोखरच झिजलेला असायचा. तो चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

नवा माणूस कामावर आला की चिमटा त्याला एकच धडा द्यायचा. "पहिले दोन आटे बोटाने फिरवायचे. बोल्ट सरळ चाललाय की तिरका, ते बोटाला कळतं. पान्याला अक्कल नसते, तो तिरकाही आवळतो."

आता बोटाला कळत नव्हतं. सुरुवात पायापासून झाली. चप्पल मागे राहिली तरी हा आपला पुढे चाललेला, आणि बायको ती उचलून मागून येतेय. मग बोटांची टोकं बधिर झाली. साखरेचा आजार जुना, पथ्याच्या नावाने बोंब. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून सुई टोचली आणि विचारलं, कळतंय का? हा अंदाजाने "हो, हो" म्हणत राहिला. शेवटचा हो म्हणाला तेव्हा सुई टेबलावर होती. डॉक्टर रागावले नाहीत, तेच वाईट. "नसा गेल्यात. गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपा," एवढंच म्हणाले.

हे बायकोला माहीत होतं. मेहुण्याला सांगायचं नाही, अशी त्याने तिला शपथ घातली होती. गॅरेजच्या दाराशी एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती. डोळे अधू झाल्यावर सासरे शेवटची वर्षं तिच्यात बसून असायचे आणि येईल त्याला "या, बसा" म्हणायचे. बसायला दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून माणसं गालात हसायची. चिमटाही हसला होता. मेहुण्याला कळलं की आपला हात इंजिनातून बाहेर आणि आपण त्या खुर्चीत, हे त्याला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मेकॅनिकने मूठ झाकून काम कसं करायचं, ते सांगायला कुणी येत नाही.

अशात नर्सबाईंची गाडी आली. बाई घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. गाडी सकाळी गुणी बाळासारखी चालायची, दुपारी तापली की भर रस्त्यात बंद पडायची, आणि गार झाली की पुन्हा चालू. दुसऱ्या एका गॅरेजने पेट्रोलचा पंप बदलून दिला होता, तिसऱ्याने बॅटरी. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. दर वेळी बाई खुशीत घरी जायच्या आणि दोन दिवसांत येरे माझ्या मागल्या.

निदान मात्र चिमट्याने झकास केलं, हे त्याच्या पदरात टाकलंच पाहिजे. गाडी तापेपर्यंत त्याने ती दारात चालू ठेवली. ती मेली. त्याने किल्ली फिरवली, इंजिन गरगरलं, पण इंजिनचे फेरे दाखवणारा काटा शून्यावरून हललाच नाही.

"बघ," तो मेहुण्याला म्हणाला, "इंजिन फिरतंय, पण ते फिरतंय हे गाडीला कळतच नाहीये."

इंजिनचा वेग ओळखणारा सेन्सर तापल्यावर आंधळा होत होता. खात्री करायला त्याने मागच्या बाजूला, सेन्सर होता तिथे, थंड पाणी ओतलं. पुन्हा किल्ली फिरवली. काटा टुणकन उठला आणि गाडी लागली. मेहुणा म्हणाला, "मानलं, भाऊजी." त्या दिवसातलं चांगलं तेवढंच.

सेन्सर इंजिनच्या पाठीमागे, गिअरबॉक्सच्या खांद्यावर. दिसत नाही, नुसत्या हाताने शोधायचा. इंजिन गार होऊ द्यायला हवं होतं. पण बाईंना एका म्हाताऱ्याकडे वेळेवर पोचायचं होतं, आणि "थांबा" म्हणणं चिमट्याच्या रक्तात नव्हतं. त्याने हात घातला. सेन्सर काढला, नवा बसवला. मग बोल्ट. तो भोकापाशी धरून त्याने बोटाने फिरवला. फिरला असावा. अजून एकदा फिरवला. गेले असतील दोन आटे. मग पाना लावला, बोल्ट लवकरच घट्ट लागला, आणि घट्ट म्हणजे बसला असं त्याने स्वतःला समजावलं. एवढ्यात केस जळल्यासारखा वास आला. त्याला वाटलं, वायर जळतेय. त्याने हात बाहेर काढला तर तर्जनीची कातडी पांढरी पडून सुटली होती.

मेहुणा फोनवर होता. बाईंनी पाहिलं. त्यांनी पिशवीतून मलम काढलं आणि पट्टी बांधायला घेतली.

"दुखतंय?"

"छे. एवढं काय त्यात."

बाईंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "दुखायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "घरी माहितीये?"

"बायकोला."

"आणि यांना?" त्यांनी मेहुण्याकडे मान वळवली.

"सांगणार आहे."

पट्टी दातांनी तोडून त्यांनी गाठ मारली आणि त्या गेल्या. गाडी ऐटीत गेली.

चौथ्या दिवशी ती दोर बांधून परत आली. वळणावर बंद पडली होती. मागून येणाऱ्या ट्रकचा ब्रेक लागला म्हणून बाई स्वतःच्या पायांनी गॅरेजात आल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. त्या ओरडल्या असत्या तर चिमट्याला सोपं गेलं असतं. त्या त्याच्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आज तुम्ही हात घालू नका. त्यांना करू दे."

"आज सांगतो मी त्याला," चिमटा म्हणाला.

पण त्याने सांगितलं नाही. "पट्टी बांधलेली आहे, आज तूच बघ," एवढंच म्हणाला. मेहुण्याचा पंजा त्या फटीत शिरणं शक्य नव्हतं. त्याने वरची नळी काढली, हवेची पेटी काढली, एकेक भाग उतरवत तासंतास घाम गाळून पाठीमागे उजेड केला. जे काम चिमट्याने घटकाभरात केलं असतं, त्यासाठी अर्धं इंजिन बाकावर मांडलं गेलं. चिमटा दिवा धरून उभा होता. सांगायचं वाक्य तो मनात जुळवत होता. दर वेळी ते तोंडाशी यायचं आणि मेहुणा काहीतरी मागायचा, पक्कड, फडकं, आणि वाक्य परत आत जायचं.

शेवटी दिव्याच्या उजेडात बोल्ट दिसला. तो वाकड्या मानेने उभा होता. तिरका घुसून भोकातले आटे खात गेलेला, आणि अर्ध्यावर अडकून बसलेला. इंजिनच्या हादऱ्यांनी तो ढिला झाला, सेन्सर जागेवरून सरकला, बस. शिकाऊ माणसाची चूक. मेहुण्याने तो काढला, बराच वेळ बघितला, पण चिमट्याकडे बघितलं नाही. भोकातले आटे त्याने नीट करून घेतले, सेन्सर जागेवर बसवला. मग हात पुसत तो बाकाकडे गेला, मागून आला आणि चिमट्याच्या मोकळ्या हातावर काहीतरी ठेवलं.

"सांगा भाऊजी."

जेवणाची सुट्टी नव्हती. मेहुण्याचा आवाजही खेळातला नव्हता. चिमट्याने सवयीने मान रस्त्याकडे वळवली. बोल्ट आहे हे वजनाने कळलं. त्याने तो अंगठा आणि मधल्या बोटात फिरवला, जसा हजारदा फिरवला होता. आट्यांची खरखर लागायला हवी होती, धार लागायला हवी होती. हाताला लागलं ते नुसतं जाड, मऊ काहीतरी, हातमोज्यातून धरल्यासारखं. पण मेहुण्याच्या हातात आत्ता कुठला बोल्ट होता ते त्याने पाहिलं होतं. तेवढी अक्कल अजून शाबूत होती.

"तोच की," तो म्हणाला. "सगळे आटे गेलेत."

मग त्याने मान वळवून खाली पाहिलं. हातात कोरा करकरीत बोल्ट होता, पुडीतून आत्ता काढलेला. जुना बाकावर पडला होता. नर्सबाईंनी तोंड फिरवून रस्त्याकडे बघायला सुरुवात केली.

"कधीपासून?" मेहुण्याने विचारलं.

"बरेच दिवस झाले."

"बरं होईल म्हणाले का?"

चिमट्याने नकाराची मान हलवली. मेहुण्याने त्याच्या हातातून बोल्ट घेतला, मग दिवा घेतला, आणि दिवा इंजिनच्या कडेला अडकवला. लहानपणी याच भाऊजींकडून शिकल्याप्रमाणे त्याने पहिले दोन आटे बोटाने फिरवले, कान लावल्यासारखी मान कलती करून. बोल्ट सरळ गेला. मग पान्यासाठी हात पुढे करत, वर न बघता, तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही उभे का? बसा जरा."

बसायला तिथे एकच खुर्ची होती.