अठ्ठावीस दिवसांची वाफ

आमच्याकडे धानावर कीड दिसली की फवारणी होते आणि कीड गेली की पंप धुऊन टांगला जातो. उरलेलं औषध पुढच्या वेळेला. हेच शहाणपण मी माझ्या लेकीच्या छातीवर चालवलं, त्याची मला अजून लाज वाटते.

लेक आठ वर्षांची. तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. छातीतला कफ चिकट, आणि त्यात जंतूंनी ठाण मांडलेलं. नागपूरच्या डॉक्टरबाईंनी अँटिबायोटिक वाफेच्या मशीनमधून ओढायला दिलं. सकाळी सहा, संध्याकाळी सहा, असे अठ्ठावीस दिवस, मग तितकेच दिवस सुट्टी. मागच्या हिवाळ्यात विसाव्या दिवशी तिचा खोकला थांबला. मी वाफ बंद केली आणि उरलेल्या सोळा कुप्या, घरी फ्रिज नाही म्हणून, गावातल्या किराणा दुकानाच्या फ्रिजमध्ये, थंड्याच्या बाटल्यांमागे, जपून ठेवल्या. महिन्याभरात पोरगी दवाखान्यात, हाताला सलाईन. "खोकला गेला म्हणजे जंतू गेले असं नाही," एवढंच बाई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून कुपी फोडून मशीनच्या कपात ओतायचं काम मी कोणावर सोडत नाही.

यंदा वाफेचा एक महिना नेमका रोवणीत, धानाची रोपं लावायच्या दिवसांत, आला. आमच्या बायांच्या टोळीत रीत आहे, हातातली बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, पुरी झाल्याशिवाय कोणी वर निघत नाही. मी रोज साडेपाचला निघायची. मागून टोमणे यायचे. यायचे तर येवोत, मीही काही मुकी नाही.

विसाव्या दिवशी शेवटची बांधी अर्धी राहिली होती. टोळीची म्होरकी म्हणाली, "पोरगी तं चांगली खेळून राहिली. एक रोज वाफ नाही घेतली तं काय होते?"

माझंच जुनं शहाणपण होतं ते. खरं सांगते, क्षणभर पटलंही. मग हातातली रोपांची पेंडी तिच्याकडे दिली.

"मागच्या खेपेले मीबी असंच म्हटलं होतं," म्हणाले आणि निघाले.

घरी पोरगी मशीनपुढे चटईवर बसली होती. दुकानातून कुपी आणलेली, सकाळी उकळून वाळवलेला कप समोर मांडलेला. तिने घड्याळाकडे पाहिलं.

"सहा वाजून दहा मिनिटं झाले, आई. काहून उशीर केला? अजून आठ दिवस आहेत ना."

मागच्या वेळी मी कुठल्या दिवशी थांबले होते, ते तिला पाठ होतं. मी हात धुतले आणि कुपी फोडली.