खंडेनवमीला पुजलेलं रिव्हॉल्व्हर

शूर दिसण्याची हौस मला पन्नाशी उलटल्यावर आली. त्याआधी मी साधा माणूस होतो. अमेरिकेत ॲशबर्नमधल्या एका डेटा सेंटरमध्ये जनरेटर आणि बॅटऱ्या सांभाळायच्या, घरी येऊन वरण-भात खायचा आणि बायकोनं लावलेली मालिका आवडत नाही असं म्हणत शेवटपर्यंत बघायची, एवढंच माझं आयुष्य. मग आमच्या भागात चोऱ्या सुरू झाल्या. आपल्या देशी लोकांच्या घरात सोनं असतं हे चोरांना कळलं होतं. आमच्या ओळखीच्या एका घरातलं कपाट भरदिवसा रिकामं झालं, आणि बायकोनं तिच्या आईच्या पाटल्या हातातून काढून बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवल्या.

तिचे ते मोकळे हात बघून मला फार लागलं. मी घरात असताना तिला भीती वाटते, ही गोष्ट मी मनाला लावून घेतली. कोर्स केला, परवाना काढला आणि एक रिव्हॉल्व्हर घेऊन आलो. पाच गोळ्यांचं, खिशात मावणारं आणि इतकं हलकं की दुकानदारानं हातात दिलं तेव्हा आत काही घालायचं राहिलंय की काय असं वाटलं. हलकं असलं की बाळगायला सोपं, पण सगळा हिसका मनगटाला बसतो, असं त्यानं बजावलं होतं. मी हसून मान हलवली. पहिल्या दिवशी दहा गोळ्या झाडल्या आणि दोन दिवस डाव्या हातात चमचा धरून जेवलो.

बायको आधी तीन दिवस बोलली नाही. नंतर हळूहळू सवय झाली तिला. उन्हाळ्यात एका लग्नाला निघालो तेव्हा बघतो तर पाटल्या हातात. ती म्हणाली, "तू आहेस ना बरोबर." लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या दिवसापासून मी छाती पुढे काढून चालू लागलो. पोट आधीपासूनच पुढे असल्यामुळे फरक कोणाच्या लक्षात आला नसावा.

खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. हत्यारं म्हणजे विळी, सुरी, माझा पान्यांचा संच, दोन लॅपटॉप आणि गाडीची किल्ली. यंदा खरंखुरं शस्त्र घरात होतं, तेव्हा त्याला पाटावर मधोमध जागा मिळाली. मुलगी ॲन आर्बरला शिकते. व्हिडिओ कॉलवर तिला पाट दाखवला तर म्हणाली, "बाबा, प्लीज टेल मी दॅट्स अ टॉय." मी तिला शस्त्रपूजेची परंपरा समजावून सांगितली. ती "ओके" म्हणाली, म्हणजे तिनं ऐकणं बंद केलं होतं.

कोर्समध्ये शिकवलं होतं की रिव्हॉल्व्हर बाजूला ठेवताना गोळ्या काढायच्या आणि गोळ्या भरायची चकरी उघडीच ठेवायची. मी नियमाचा पक्का. चकरी उघडी ठेवून मी तिच्यावर हळद-कुंकू, अक्षता वाहिल्या, आणि तेही सढळ हातानं. पूजा झाल्यावर फडक्यानं वरवर पुसलं, शिलाई मशीनचं तेल दोन-चार थेंब सोडलं आणि पाच गोळ्या भरून खिशात टाकलं. चकरी बंद करताना जरा कडक लागली. मला वाटलं, थंडी पडायला लागलीय.

तीन आठवड्यांनी सरावाला गेलो. दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्या वेळी चाप ओढला तर तो जागचा हलेना. दोन बोटं घालून ओढला. ढिम्म. शिकवणारे गृहस्थ निवृत्त पोलीस. त्यांनी शांतपणे ते माझ्या हातातून घेतलं, बऱ्याच खटपटीनं चकरी उघडली आणि गोळ्या काढल्या. चकरीच्या मागे चांदणीसारखी एक छोटी पत्री असते, रिकामी काडतुसं बाहेर ढकलायला. तिच्याखाली लाल चिकट लगदा बसला होता, त्यामुळे चकरी घट्ट अडकून फिरत नव्हती. त्यांनी बोटावर घेऊन वास घेतला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, धार्मिक आहे. ते म्हणाले की आजवर त्यांनी यात खिशातले धागे पाहिले, वाळू पाहिली, बिस्किटाचा चुरासुद्धा पाहिला, पण कुणी आपल्याच बंदुकीला स्वतः होऊन मसाला भरलेला पाहिला नव्हता.

जुन्या टूथब्रशनं त्यांनी ते साफ करून दिलं. नंतर ते व्यवस्थित चालू लागलं. त्या दिवशी वीस गोळ्या झाडल्या, पुढच्या आठवड्यात पन्नास, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा पन्नास. एकदाही अडलं नाही. माझा तळवा मात्र पुरीसारखा फुगला. विश्वास काही परत येईना.

दोष माझ्या धंद्याचा आहे. आमच्याकडे प्रत्येक यंत्राला जोडीला दुसरं असतं, आणि एकदा बंद पडलेलं यंत्र दुरुस्त झालं असं लिहायला तीन जणांच्या सह्या लागतात. इथे सही करणारा मी एकटा, आणि बिघाड करणाराही मीच. तीन आठवडे मी छाती काढून फिरलो आणि खिशात दोन गोळ्यांनंतर अडणारं लोखंड होतं. तेव्हा ज्याची खात्री होती ते बंद होतं. आता ते चालू होतं, तर खात्री नव्हती. दिवसातून चार वेळा खोलीचं दार लावून मी गोळ्या काढायचो आणि चकरी फिरवून बघायचो. बायकोनं विचारलं, आत काय करतोस? म्हटलं, ऑफिसचा कॉल.

तिला खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ती पाटल्या घालून निर्धास्त हिंडत होती, ती माझ्या भरवशावर, आणि तो भरवसाच पोकळ झालाय हे सांगायची मला लाज वाटत होती. प्रत्येक वेळी तिच्या हाताकडे नजर गेली की मी उठून खोलीत जायचो आणि पुन्हा चकरी फिरवून बघायचो.

संक्रांतीच्या आधी तीळ आणायला देशी दुकानात गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि वारा सुटला होता. मी पिशव्या डिकीत ठेवत होतो, बायको शेजारी उभी होती. तेवढ्यात दुकानाच्या बाजूनं एक उंच माणूस सरळ आमच्याकडे धावत यायला लागला. डोक्यावर हूड, चेहरा दिसत नव्हता, एक हात पोटाजवळच्या खिशात. काहीतरी ओरडत होता, वाऱ्यात कळत नव्हतं. माझी पाचावर धारण बसली. हात कोटाच्या खिशात गेला आणि मुठीत रिव्हॉल्व्हर आलं. आणि तिथंच माझं डोकं अडलं. चकरी फिरेल का? नाही फिरली तर? बाहेर काढलं आणि चाललं नाही, तर हिचं काय होईल? हात खिशातच राहिला. तो माणूस दोन पावलांवर येऊन थांबला आणि त्यानं खिशातून हात बाहेर काढला.

"काका, काकूंचा फोन राहिला ना ट्रॉलीत," तो धापा टाकत म्हणाला. "कधीचा आवाज देऊन राहिलो तुम्हाला."

नागपूरकडचा होता. हूड मागे गेल्यावर दिसला तो तिशीतला चेहरा, चष्म्यावर वाफ जमलेली. बायकोनं त्याचे आभार मानले, घर कुठे, नोकरी कुठे, सगळं विचारलं आणि तिळगुळाला यायचं कबूल करून घेतलं. मी खिशातला हात काढू शकत नव्हतो. त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"काका, बरं नाही वाटत का? थांबा, पाणी आणतो."

तो पुन्हा धावत गेला आणि आपल्या गाडीतून पाण्याची बाटली घेऊन आला. झाकण त्यानंच उघडून दिलं, कारण माझा एक हात अजून खिशातच होता. मी त्याच्यासमोर उभा राहून ते पाणी प्यायलो. त्याच्याकडे वर बघायची हिंमत झाली नाही.

घरी जाताना मी बायकोला सगळं सांगितलं. कुंकू, टूथब्रश, खोटे कॉल आणि आत्ता खिशात गेलेला हात. मला वाटलं ती चिडेल, निदान मला हसेल तरी.

"आणि ते कधी बिघडलंच नसतं तर?" तिनं विचारलं.

मग माझा हात खिशात थांबला नसता. मला पुढचा रस्ता दिसेना. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली.