नळी उभी असताना

जगात शांतता नांदावी असं मनापासून वाटणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तोही ती फक्त तासाभरापुरती मागायचा. ते माझे मामेसासरे. दिग्रसला बसस्टँडमागे त्यांची रक्त तपासायची लॅब होती, तिला लागूनच घर. ईएसआरसाठी काचेच्या बारीक नळीत रक्त उभं करायचं आणि तासाभरात ते किती खाली बसतं ते पाहायचं. अंगात कुठं दुखणं मुरत असलं की ते भराभर बसतं. नळीला हादरा बसला तर आकडा खोटा, म्हणून तेवढा वेळ मिक्सर बंद, मामी अनवाणी. एकदा तर एसटीच्या ड्रायव्हरला "नळी उभी हाय भाऊ, जरा हळू घ्या," असं ते सांगून आले होते.

कापसाचा भाव रोज कोसळायचा, ती वर्षं. "तुमच्या बाजारापेक्षा माह्यं रक्त हळू बसते," हे ते मलाच ऐकवायचे, कारण मी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतो. आणि खोकत होतो. तीन आठवडे मी सगळ्यांना रुईच्या धुळीचं शास्त्र समजावत होतो.

"जवाईबापू," मामा म्हणाले, "खोकला कापसाचा असन, त रविवारी काहून खोकलता? रविवारी त जीन बंद रायते."

मी बाही वर केली. दोन वर्षांची लेक माझ्याच कुशीत झोपायची, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. नळी हलेल म्हणून तो तासभर मी खोकला गिळत बसलो. आकडा वीसच्या आत हवा, आला ब्याऐंशी.

"म्हणजे टीबीच?"

"रक्त चोराचं नाव नाही सांगत. घरात कोनी शिरलं, एवढंच सांगते. नाव थुंकी सांगन."

थुंकीनं सांगितलं. लेकीलाही तपासलं, ती ठणठणीत निघाली. सहा महिने एकही गोळी चुकली नाही, कारण मामा रोज सकाळी माझा जबडा उघडून पाहायचे. शेवटी थुंकी साफ आली, तरी त्यांनी हौसेनं नळी उभी केली. तासानं आत जाऊन पाहिलं: बारा. बाहेर आले आणि दार असं आपटलं की मामीच्या हातची परात पडली.

"वाजू दे," ते म्हणाले. "आज वाजू दे."

आता मामा नाहीत. ईएसआर, सीआरपी सगळं यंत्रातून मोबाईलवर येतं. परवा लेकीला ताप होता, तिचं रक्त काढलं. मी दार हळूच लोटून बाहेर बसलो.

"काका, झालं ना, जा आता," लॅबमधली पोरगी म्हणाली.

"बसतो जरा," मी म्हणालो. "तास व्हायचा हाय."