जपून ठेवलेला जोड

आमच्या ह्यांना कंपनीतून दर दोन वर्षांनी बुटांचा नवा जोड मिळायचा. जाड काळं चामडं, घोट्याच्या वर येणारे, बोटांवर आतून पोलादी टोपी. हे भोसरीला फिटर होते. पायावर लोखंड पडलं तरी बोटं शाबूत राहावीत म्हणून ती तजवीज. पण नवा जोड पायात घालतील तर शपथ! कंपनीतले सगळेच कामगार तसले. जुना रेटायचा, मंडईजवळच्या मोच्याकडून त्याला टायरचा तळ लावून आणायचा आणि नवा जपून ठेवायचा, नाहीतर गावाकडच्या भावाला द्यायचा. ह्यांचा शेवटचा नवा जोड कितीतरी वर्षं माळ्यावर होता. दर दिवाळीला मी म्हणायची, आता म्युझियम काढा. हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

जुन्या जोडाचं चामडं मात्र खरंच गुणी. दर रविवारी गॅलरीत बसून हे त्याला खोबरेल चोळायचे. आमच्या मुलाचे महागडे बूट वर्षभरात तोंड वासायचे, हा जोड आपला तसाच.

मग कंपनी बंद पडली. स्वेच्छानिवृत्ती म्हणे, कुणाची स्वेच्छा, कुणास ठाऊक. मुलगा नुकताच आयटीत लागला होता. तो प्रेमानेच म्हणाला, बाबा, आता आराम करा. ह्यांचा चेहरा असा पडला की मला पोराचाच राग आला. धडधाकट माणूस वर्षभर घरातले नळ दुरुस्त करत बसला, न बिघडलेलेसुद्धा.

अखेर चाकणच्या एका नव्या कारखान्यातून बोलावणं आलं. काम करून दाखवायचं होतं, आणि सेफ्टी शूज नसतील तर गेटातूनच परत पाठवू, असं बजावलं होतं. ह्या वयात दुसरं बोलावणं येणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. चार लोकांत बरं दिसावं म्हणून ह्यांनी माळ्यावरचा कोरा जोड काढला. दिसतही होते रुबाबदार.

हे गेल्यावर मी दार लावायला गेले, तर जिन्यात काळा भुगा. आमच्या सोसायटीतल्या लोकांना अक्कल नाहीच, म्हणून चडफडत एक तुकडा उचलला. चिमटीत त्याचा चुरा झाला. बुटाचा तळ होता तो! न वापरता ठेवून ठेवून कुजला होता. मी जुना जोड उचलला आणि गाऊनवर ओढणी टाकून विश्रांतवाडीच्या बसथांब्यापर्यंत धावत सुटले.

हे थांब्यावर उभे होते. एका बुटाचा तळ निम्मा गेलेला, दुसऱ्याचा लोंबत होता. घरी परतावं तर बस चुकणार, पुढे जावं तर गेटवर अडवणार. मला पाहून हे बाकावर बसले आणि जोड बदलला. एक नाडी बांधली, दुसरी काही जमेना. पुन्हा पुन्हा सुटत होती. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांना एका गाठीशी असं झटताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी भर रस्त्यात खाली बसले आणि नाडी माझ्या हातात घेतली.

त्या कारखान्याने ह्यांना घेतलं, चांगलं निवृत्तीपर्यंत ठेवलं. पण तेव्हा ते कुठे ठाऊक होतं? हे हळूच म्हणाले, "घेतील ना गं मला?"

मी नाडीला दोनदा गाठ मारली आणि म्हटलं, "उठा आता. बस आली."